छापील ब्रेकचा धडा

मोटारींत बसणारा मनुष्य ती कशी चालते याची चौकशी पुष्कळ करितो. ती कशी थांबते याची चौकशी मात्र क्वचितच करितो. इंजिन किती शक्तीचें, ताशीं वेग किती, एका लिटरांत गाडी किती किलोमीटर जाते, या गोष्टी आपल्या बोलण्यांत नेहमीं असतात. परंतु पायाखालचें लहानसें पेडल दाबतांच हजार-दीड हजार किलोग्रॅम वजनाची गाडी कां थांबते, हें आपण विचारीत नाहीं. ती थांबणारच, असें आपण गृहीत धरिलेलें असतें. हें गृहीत एकदां खोटें ठरलें, आणि त्यांतूनच आमच्या शाळेच्या विज्ञानमंडळाच्या हातून एक लहानसें काम घडलें. त्याची हकीकत विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमच्यापैकीं एक विद्यार्थी मे महिन्याच्या सुट्टींत आपल्या मामांच्या गाडींतून परभणीहून कोंकणांत गेला होता. गाडींत लहानथोर सात माणसें, टपावर सामान, आणि ऊन मी म्हणत होतें. मामा सपाट मुलुखांत गाडी चालविणारे. आंबा घाट उतरतांना त्यांनीं गाडी वरच्या गिअरांतच ठेविली आणि सारा उतार ब्रेकवर पाय ठेवून काढिला. घाट बराचसा उतरल्यावर पेडल मऊ लागूं लागलें, आणि पुढच्याच एका वळणापाशीं तें सरळ तळाशीं जाऊन टेकलें. गाडी थांबेना. मामांनीं प्रसंगावधान राखून गिअर खालीं आणिला, हातब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरांत घातली. कोणासहि इजा झाली नाहीं. मागच्या आसनावर आजी होत्या. त्यांनीं नातवाचा धरिलेला हात कितीतरी वेळ सोडिला नाहीं.

खरें नवल पुढेंच आहे. अर्ध्या तासानें मामांनीं पेडल दाबून पाहिलें, तों तें पूर्वीसारखें कठीण! घाटाखालच्या गांवीं एका मिस्त्रीनें चारी चाकें तपासलीं. कोठें गळती नाहीं, नळी फुटलेली नाहीं, कांहीं तुटलेलें नाहीं. त्याच गाडीनें पुढील सारा प्रवास सुरळीत झाला आणि घरच्या मंडळींनीं तो विषय मिटवून टाकिला. आमच्या मित्राच्या मनांतून मात्र तो जाईना. शाळा सुरू होतांच त्यानें वर्गांत विचारिलें, “गुरुजी, ब्रेक गेला आणि आपोआप परत आला. मोडलेली वस्तु स्वतःच कशी दुरुस्त होते?” गुरुजींनीं तत्काळ उत्तर दिलें नाहीं. ते म्हणाले, “तूं विचारतोस तें सांगून कळण्यासारखें नाहीं. आपण ब्रेकच करून पाहूं, म्हणजे तोच सांगेल.”

पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोंचतो?

सायकलचा ब्रेक आपण सर्वांनीं पाहिला आहे. मूठ दाबली म्हणजे तार किंवा कांब ओढली जाते व रबराचे ठोकळे चाकाच्या कडीस घासतात. प्रारंभींच्या मोटारींतहि अशाच कांबा व तारा असत. त्यांत अडचण अशी कीं, एक तार अधिक ताणलेली व दुसरी सैल राहिली, तर एक चाक आधीं धरतें, दुसरें मागाहून, आणि गाडी एका अंगास ओढली जाते. चारी चाकांवर सारखा दाब नेणारा असा कोणी दूत हवा होता. तो दूत म्हणजे द्रव होय.

ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, बंदिस्त द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पसरतो. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर एक किलोग्रॅमचा भार ठेविला, तर त्याच द्रवास लागून असलेल्या दहा चौरस सेंटिमीटरांच्या दट्ट्यावर दहा किलोग्रॅमचा जोर मिळतो. परंतु निसर्गाच्या बाजारांत फुकट कांहींच मिळत नाहीं. मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर सरकावयाचा असेल, तर लहान दट्ट्यास दहा सेंटिमीटर चालावें लागतें. जोर वाढला तितकें अंतर घटलें. काम तेवढेंच राहिलें.

या तत्त्वावर १७९५ सालीं इंग्लंडांत जोसेफ ब्रॅमा यानें दाबयंत्राचें पेटंट घेतलें. आपल्या जिल्ह्यास हें यंत्र परकें नाहीं. सेलू, मानवत या कापसाच्या बाजारपेठांच्या आसपास ज्यांचे आप्त जिनिंग-प्रेसिंगच्या धंद्यांत आहेत, त्यांनीं ढीगभर रुई दाबून तिची सुमारें १७० किलोग्रॅमची घट्ट गांठ होतांना पाहिली असेल. ती गांठ बांधणारी शक्ति आणि मोटार थांबविणारी शक्ति या सख्ख्या बहिणीच आहेत.

माल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थानें हें तत्त्व मोटारीच्या ब्रेकास लाविलें, आणि १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारींत चारी चाकांना द्रवाचे ब्रेक बसविलेले होते. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीस दोन्ही अंगांनीं चिमटा घेणाऱ्या ब्रेकचें पेटंट इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ सालींच घेतलें होतें. परंतु त्यास मान्यता मिळण्यास अर्धें शतक लोटलें. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत चकतीचे ब्रेक लाविलेल्या जॅग्वार गाडीनें जिंकली आणि मग त्या ब्रेककडे साऱ्यांचें लक्ष गेलें. आम्हीं प्रतिकृति केली ती याच चकतीच्या ब्रेकची.

सोऱ्या आणि चकली

आमच्या प्रयोगशाळेंत त्रिमित छपाईचें एक यंत्र आहे. २०१६ सालीं भारत सरकारनें अटल इनोव्हेशन मिशन सुरू केलें. त्याच्या टिंकरिंग लॅबमधून देशांतील हजारों शाळांच्या मुलांनीं असें यंत्र पाहिलें आहे. ज्यांनीं तें पाहिलें नसेल त्यांनीं दिवाळींतील चकलीचा सोऱ्या डोळ्यांपुढें आणावा. सोऱ्यांतून पिठाची दोरी निघते व आई ती गोल फिरवीत ताटांत पसरते. या यंत्राच्या तोंडांतून २०० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक धागा निघतो; संगणकावर काढिलेल्या आकृतीप्रमाणें यंत्र तो पाटावर पसरतें; एक थर झाला कीं त्यावर दुसरा. आमचा थर ०.२ मिलिमीटरांचा होता. म्हणजे ६ मिलिमीटर जाडीची चकती होण्यास तीस थर लागले. या पद्धतीच्या पेटंटसाठीं अमेरिकेंत स्कॉट क्रंप यांनीं १९८९ सालीं अर्ज केला. पुढें २००५ सालीं इंग्लंडांतील बाथ विद्यापीठांत एड्रियन बॉयर यांनीं असें यंत्र कोणासहि करितां यावें म्हणून त्याचे आराखडे सर्वांस खुले करण्याचें काम आरंभिलें, आणि त्यामुळें तें शाळेच्या आवांक्यांत आलें.

प्लॅस्टिक आम्हीं पीएलए जातीचें घेतलें. तें मका, ऊस यांसारख्या पिकांतील साखरेपासून करितात. आम्हीं छापलेले भाग असे : १२० मिलिमीटर व्यासाची चकती, तिच्या आंसाचे दोन खांब, चकतीवर घोड्याच्या खोगिरासारखा बसणारा कॅलिपर, त्यांतील दोन पॅड, पायाचें पेडल, आणि पेडलामागची बैठक. आंस म्हणून ८ मिलिमीटर जाडीची लोखंडी सळई व खालीं एक लांकडी फळी घेतली.

आमच्या चुका

वाचकांस यशाची हकीकत सांगून चुका लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कारण आम्ही अधिक शिकलों ते चुकांपासूनच.

पहिली चूक अशी कीं, द्रवाचें नळकांडें व दट्ट्याहि आम्हीं छापूनच काढिला. दिसण्यांत तो सुबक होता. परंतु पाणी भरून दाब देतांच भिंतींतून घाम फुटावा तसें पाणी पाझरूं लागलें. थरांच्या मध्यें डोळ्यांस न दिसणाऱ्या फटी राहतात, ही गोष्ट तेव्हां कळली. शेवटीं आम्हीं औषधांच्या दुकानांतून सुयांवांचून नव्या पिचकाऱ्या आणिल्या. पेडलामागें ५ मिलिलिटरांची एक आणि चकतीच्या दोन्ही बाजूंस २० मिलिलिटरांची एकेक. त्या जोडण्यास सलाईनची नवी नळी व तिच्यावरची तिहेरी तोटी वापरिली. छापील भागांनीं फक्त त्यांस धरून ठेवावयाचें.

दुसरी चूक मापांची. पिचकारीच्या बाहेरील व्यासाएवढेंच भोंक आम्हीं आकृतींत काढिलें. छापून आल्यावर पिचकारी आंत जाईना. वितळलेला धागा थोडा पसरतो व निवतांना आकसतो, म्हणून भोंक नेहमीं किंचित् लहान येतें. पुढें ०.४ मिलिमीटर सैल माप धरिलें, तेव्हां ती अलगद बसली.

तिसरी चूक दिशेची. कॅलिपर आम्हीं उभा छापिला होता. पहिल्याच जोरदार दाबानें तो थराच्या रेषेंत उकलला. लांकूड जसें धाग्याच्या दिशेनें चटकन् फाटतें, तसेंच हें. मग तोच भाग आडवा निजवून छापिला. आतां ताण थरांच्या लांबीनें येतो व कॅलिपर टिकतो.

चौथा अडथळा आमच्या हातचा नव्हता. चकती अर्धी झाली असतां वीज गेली. ती परत येईपर्यंत पाट निवला, चकती त्यावरून सुटली, आणि तें अर्धें काम वायां गेलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे लवकर येऊन ती पुन्हां छापिली.

पांचवी चूक सर्वांत बोलकी. काम पुरें झाल्यावर प्रतिकृति दुसऱ्या एका शाळेंत दाखविण्यास नेली. तेथें उन्हांत उभ्या केलेल्या बंद गाडींत ती दोन तास राहिली. परत येऊन पाहतों तों चकती पापडासारखी वांकलेली! पीएलए सुमारें ६० अंशांस मऊ पडूं लागतें, आणि परभणीच्या उन्हाळ्यांत बंद गाडीच्या काचेमागें एवढी उष्णता होण्यास वेळ लागत नाहीं. उष्णता ही ब्रेकची वैरीण आहे, हा पाठ आम्हांस असा अगोदरच मिळाला.

प्रयोग पहिला : जोर आणि अंतर

मोजून पाहतां ५ मिलिलिटरांच्या पिचकारीचा आंतला व्यास सुमारें १२ मिलिमीटर व २० मिलिलिटरांच्या पिचकारीचा सुमारें १९ मिलिमीटर भरला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. १४४ ला ३६१, म्हणजे जवळजवळ १ ला २.५. याअर्थीं लहान दट्ट्यावर २ किलोग्रॅम ठेविले तर मोठ्यानें ५ किलोग्रॅम उचलावेत. दोन पिचकाऱ्या नळीनें जोडून, रंगीत पाणी भरून आम्हीं वजनें मांडलीं. पांच किलोग्रॅम उचलले नाहींत; चार उचलले. गणित चुकलें काय? नाहीं. दट्ट्याचें रबर पिचकारीच्या भिंतीस घासतें व कांहीं जोर तेथेंच खर्ची पडतो. पुस्तकांतील यंत्रास घर्षण नसतें, हातांतील यंत्रास असतें, एवढाच भेद.

मग सर्व जोडणी केली. पेडलाची लांब बाजू आंखूड बाजूच्या तिप्पट आहे. म्हणून पायानें १ किलोग्रॅमचा जोर दिला तर लहान दट्ट्यावर ३ चा येतो, आणि घर्षण सोडल्यास प्रत्येक पॅडवर साडेसातांचा. उलट प्रत्येक पॅड १ मिलिमीटर सरकण्यास पेडल १५ मिलिमीटर चालावें लागतें. पॅड व चकती यांमध्यें दोन्हीकडे दोन दोन मिलिमीटर जागा होती. म्हणून पेडल ३० मिलिमीटर खालीं गेल्यावर पकड लागली. खऱ्या गाडींत पॅड चकतीच्या अगदीं जवळ राहतात व पेडलास थोडेंच चालावें लागतें. शिवाय इंजिनाच्या निर्वाताच्या बळावर चालणारा एक साहाय्यक पायाच्या जोरास हातभार लावितो. इंजिन बंद असलेली गाडी ढकलतांना ब्रेक फार जड लागतो, त्याचें कारण हेंच.

पकड लागली, तरी चकती थांबेना. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घसरत होतें. तेव्हां पॅडांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटविले, आणि फिरणारी चकती जागच्या जागीं थांबली. जोर असून भागत नाहीं, घर्षणहि हवें. खऱ्या पॅडांचें मिश्रण निराळेंच कां करितात व झिजलेले पॅड कां बदलावे लागतात, तें यावरून समजलें.

प्रयोग दुसरा : बुडबुडा

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. तिहेरी तोटीस एक जादा पिचकारी लावून आम्हीं नळींतील ३ मिलिलिटर पाणी काढून घेतलें व त्या जागीं तेवढीच हवा सोडिली. पेडलाखालीं पाटी अशी ठेविली होती कीं, पेडल ५० मिलिमीटरांहून खालीं जाऊं नये. गाडीचा तळ म्हणजे ही पाटी समजावी. पेडल दाबलें. तें मऊमऊ लागत खालीं गेलें, पाटीस टेकलें, आणि चकती फिरतच राहिली! आमच्या मित्राचा चेहरा त्या वेळीं पाहण्यासारखा झाला. तो हळूच म्हणाला, “घाटांत असेंच लागलें होतें म्हणून मामा सांगत होते.”

कारण स्पष्ट आहे. पाणी दाबल्यानें आकसत नाहीं म्हटलें तरी चालेल. हवा मात्र आकसते. दाब दुप्पट झाला कीं हवेचें आकारमान निम्में होतें, हें आपण बॉईलच्या नियमांत शिकलों आहों. पायाची सारी चाल बुडबुडा दाबण्यांतच संपते आणि पॅडांकडे जोर जातच नाहीं. मग तोटीवाटें ती हवा काढून पुन्हां पाणी भरलें, आणि पेडल पूर्ववत् कठीण झालें. गॅरेजमध्यें मिस्त्री ‘ब्रेकची हवा काढतात’ ती हीच.

परंतु येथें एकानें शंका काढिली, व ती योग्य होती. मामांच्या गाडींत हवा कोणी घातली? आणि अर्ध्या तासानें ती कोणी काढिली?

प्रयोग तिसरा : आला तसा गेला

याचें उत्तर गुरुजींनीं एका पिचकारीनें दिलें. त्यांनीं स्वतःच्या हातानें चांगलें कढत, परंतु उकळत नसलेलें पाणी पिचकारींत थोडेंसें घेतलें, आंतली हवा काढून टाकिली, तोंड घट्ट बंद केलें आणि दट्ट्या जोरानें मागें ओढिला. पाण्यांत बुडबुडे उठूं लागले, पाणी उकळलें! दट्ट्या सोडतांच बुडबुडे नाहींसे झाले व पाणी होतें तेवढेंच राहिलें. ते बुडबुडे हवेचे नव्हते. पाण्याच्याच वाफेचे होते. वाफ द्रवांतूनच येते व द्रवांतच परत जाते. मागें खूण म्हणून ठेवीत नाहीं.

(कढत पाण्याचा हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं एकट्यानें करूं नये.)

आतां उष्णतेचा हिशेब पाहूं. गाडी थांबते तेव्हां तिची गतीची ऊर्जा नाहींशी होत नाहीं, तिची उष्णता होते. १००० किलोग्रॅमची गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असतां थांबविली, तर सुमारें १ लाख ३९ हजार जूल उष्णता निघते. घाटांत तर याहून पुष्कळ अधिक. १५०० किलोग्रॅमची भरलेली गाडी ३०० मीटर उंची केवळ ब्रेकवर उतरली, तर सुमारें ४४ लाख जूल उष्णता चकत्यांत शिरते. एवढ्या उष्णतेनें ३० अंशांचें १५ लिटर पाणी उकळीस येईल. वारा ती उष्णता नेतो. परंतु पाय सतत पेडलावर असेल, तर चकत्यांस निवण्यास अवसरच मिळत नाहीं. पॅड तापतात, त्यांच्यामागचा दट्ट्या तापतो, आणि त्याच्यामागचा द्रवहि तापतो.

या द्रवास बाजारांत ब्रेक ऑईल म्हणतात. परंतु आपल्या गाड्यांत सामान्यतः वापरतात तें तेल नव्हे. तो ग्लायकॉल जातीचा द्रव आहे. चुकून त्यांत इंजिनाचें तेल घातलें, तर आंतील रबरी भाग फुगून निकामी होतात. या द्रवाचा एक मोठा गुण आहे व एक मोठा दोष आहे. गुण हा कीं, तो सहजासहजीं उकळत नाहीं. डॉट ४ जातीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदु निदान २३० अंश असावा लागतो. दोष हा कीं, मीठ जसें पावसाळ्यांत ओल धरितें, तसा हा द्रव हवेंतील ओलावा हळूहळू शोषून घेतो. त्यांत सुमारें ३.७ टक्के पाणी मिसळलें असतां तोच उत्कलनबिंदु १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो, असें प्रमाण ठरविलेलें आहे. डॉट ३ जातीच्या द्रवाचे हेच आंकडे २०५ व १४० आहेत.

कोडें येथें सुटलें. मामांच्या गाडींतील ब्रेक ऑईल कित्येक वर्षांत बदललें नव्हतें, हें विचारणा करितां समजलें. घाटांत तें तापलें, त्यांतील ओलाव्यामुळें लवकर उकळलें, नळींत वाफेचे बुडबुडे झाले व पेडल तळाशीं गेलें. अर्ध्या तासांत चाकें निवलीं, वाफेचा पुन्हां द्रव झाला व पेडल कठीण झालें. मिस्त्रीस बिघाड सांपडला नाहीं, कारण तो पाहूं लागला तेव्हां बिघाड उरलेलाच नव्हता. मात्र त्याचें कारण तसेंच शिल्लक होतें, आणि पुढच्या घाटाची वाट पाहात होतें.

थांबण्यास किती जागा लागते?

ब्रेक उत्तम असला तरी गाडी क्षणांत थांबत नाहीं. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा गुणक ०.७ धरिला, तर ताशीं ३० किलोमीटर वेगाच्या गाडीस ब्रेक लागल्यापासून ५ मीटर पुरतात. वेग दुप्पट म्हणजे ६० झाला, तर ५ चे १० होत नाहींत, २० होतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. त्याशिवाय संकट दिसल्यापासून पाय पेडलावर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यांत गाडी सुमारें १७ मीटर पुढें गेलेली असते. एकूण ३७ मीटर झाले. आपल्या जिल्ह्यांत पावसाळ्यांत शेतांतून निघालेले ट्रॅक्टर चाकांबरोबर काळ्या मातीचा चिखल डांबरी रस्त्यावर आणितात. त्यानें घर्षण निम्में झालें, तर ब्रेकचें अंतर २० चें ४० मीटर होतें. चिखलाचा तो काळा पट्टा दिसतांच वेग कमी करावा. त्यावर चढल्यावर ब्रेक दाबून फारसा उपयोग नाहीं.

माणसांनीं यंत्रांत पुष्कळ सुधारणा केल्या आहेत. आतांच्या मोटारींत द्रवाच्या वाटा दोन असतात. एक फुटली तरी दुसरी कांहीं चाकें धरिते. चाक अडकून घसरूं नये म्हणून एबीएस ही योजना १९७८ सालीं जर्मनींतील मोटारींत आली, आणि आपल्या देशांत २०१९ सालापासून नव्या मोटारींस ती आवश्यक झाली. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेंत गाड्यांच्या ब्रेकांची कसोटी घेतात. परंतु वाटा दोन असल्या तरी त्यांतील द्रव एकाच वयाचा असतो. तो जुना झाला, तर कोणतीहि सुधारणा त्यास नवा करूं शकत नाहीं.

पालकांस विनंति

ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांनीं ब्रेक ऑईलची पातळी अधूनमधून पाहावी. ती उतरली असेल तर पॅड झिजले आहेत किंवा कोठें गळती आहे, असें समजून गाडी दाखवावी. सामान्यतः दर दोन वर्षांनीं, किंवा गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलें असेल त्याप्रमाणें, हा द्रव बदलून घ्यावा. झांकणावर जी जात लिहिलेली असते तीच घालावी, आणि ती सीलबंद बाटलींतलीच असावी. पेडल मऊ लागलें तर तें उद्यांवर टाकूं नये. आणि जुने चालक सांगतात तें ध्यानांत ठेवावें : ज्या गिअरांत घाट चढावा, त्याच गिअरांत तो उतरावा. म्हणजे वेग आवरण्याचें काम इंजिन करितें व ब्रेक थंड राहतो.

वार्षिक प्रदर्शनांत आमची प्रतिकृति मांडिली तेव्हां आमच्या मित्राचे मामा मुद्दाम आले होते. भाच्यानें त्यांस खुर्चीवर बसवून पेडल दाबावयास दिलें. प्रथम कठीण, मग बुडबुडा घालून. पेडल पाटीस टेकलें आणि मामांनीं पाय झटकन् मागें घेतला. ते कांहीं वेळ बोललेच नाहींत. मग त्यांनीं विचारिलें, “हें ऑईल बदलावयास किती वेळ लागतो रे?” भाचा म्हणाला, “मामा, तासाभराचें काम आहे.” प्रदर्शन संपण्यापूर्वींच ते निघाले. आजी मात्र तेथेंच थांबल्या. त्यांनीं ती वांकडी झालेली पहिली चकती, जी आम्हीं चुकांच्या कोपऱ्यांत ठेविली होती, हातांत घेऊन विचारिलें, “ही कशानें वांकली?” आमचा मित्र त्यांच्याजवळ बसला आणि पहिल्यापासून सर्व सांगूं लागला.

आम्ही ही प्रतिकृति विज्ञानाच्या खोलींत ठेविली आहे. कोणाहि विद्यार्थ्यानें यावें, आपल्या वडिलांस किंवा काकांस घेऊन यावें, आणि पेडल स्वतःच्या पायानें दाबून पाहावें. मात्र परत जातांना ती बंद गाडींत घालून नेऊं नये, एवढीच विनंति.